रॉबर्ट फर्ग्युसन: बर्न्सच्या आधीची पायरी, की स्वतंत्र कवी?

करवीरवाचक (प्रश्न)

कोल्हापुरात आम्ही काही वाचनप्रेमी मंडळी महिन्यातून एकदा जमतो आणि प्रत्येक बैठकीत एकाने एखाद्या परभाषेतील कवीचा परिचय करून द्यायचा, असा आमचा रिवाज आहे. या वेळी अठराव्या शतकातील स्कॉटलंड माझ्या वाट्याला आले आहे. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटलंडच्या सर्वांत प्रसिद्ध कवीवर बोलायचे असे आधी ठरवले होते, कारण त्याचे नाव निदान मंडळींच्या कानावरून गेलेले आहे. परंतु बर्न्सच्या कविता आणि पत्रे चाळताना रॉबर्ट फर्ग्युसन हे नाव इतक्या वेळा समोर आले की बर्न्स बाजूला राहिला आणि या दुसऱ्या रॉबर्टचेच वाचन सुरू झाले. (पुण्यातील महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन, त्यांचा येथे काही संबंध नाही. मंडळात पहिली शंका हीच निघणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

आतापर्यंत हाती लागलेला तपशील थोडक्यात असा. फर्ग्युसनचा जन्म ५ सप्टेंबर १७५० रोजी एडिंबरो शहरात झाला. आईवडील मूळचे ॲबर्डीनकडचे, परिस्थिती बेताची. शिष्यवृत्तीच्या आधाराने तो डंडी येथील शाळेत आणि पुढे सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिकला. १७६७ मध्ये वडील वारले आणि पुढच्या वर्षी तो पदवी न घेताच घरी परतला. त्यानंतर कचेरीत कागदपत्रांच्या नकला करण्याची नोकरी, एका साप्ताहिकातून कविता, १७७३ मध्ये त्याच्या हयातीतील एकमेव संग्रह, आणि १७ ऑक्टोबर १७७४ रोजी वेड्यांच्या कोठडीत मृत्यू. वय अवघे चोवीस. एडिंबरोतील कॅनॉनगेटच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले, पण त्या जागी दगडही नव्हता. फेब्रुवारी १७८७ मध्ये बर्न्सने तेथील कारभाऱ्यांना पत्र लिहून दगड बसवण्याची परवानगी मागितली.

माझी अडचण अशी आहे की, जेथे पाहावे तेथे फर्ग्युसनचा उल्लेख बर्न्सच्या ओघाने येतो. बर्न्सने त्याला दुर्दैवातील आणि कवितेतील आपला थोरला भाऊ म्हटले, एवढ्यावर त्याची ओळख संपते. बर्न्स जन्मालाच आला नसता, तर फर्ग्युसन आज वाचण्यासारखा उरला असता का? उरला असता तर कशामुळे? आणि त्याचा शेवट सभेत कितपत सांगावा? तो शेवट इतका विदारक आहे की एकदा सांगितला की श्रोते कविता विसरतील, अशी मला भीती वाटते.

पंचगंगाकाठ

आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: होय, उरला असता, आणि तो शहराचा कवी म्हणून उरला असता. बर्न्स हा एअरशायरच्या शेतशिवारातून आलेला कवी आहे. फर्ग्युसनचा जीव मात्र एडिंबरोच्या गल्लीबोळांत होता, आणि त्या शहराचे इतके बारकाईने केलेले, इतके गमतीदार आणि इतके निर्भीड चित्र त्या काळच्या स्कॉटिश कवितेत दुसऱ्या कोणी रेखाटलेले मला ठाऊक नाही.

त्याच्या लेखनाचा काळ किती लहान आहे हे आधी ध्यानात घ्यावे. वॉल्टर रुडिमन या मुद्रकाच्या साप्ताहिकात १७७१ पासून त्याच्या कविता येऊ लागल्या. सकाळ, दुपार आणि रात्र यांवरच्या त्या पहिल्या कविता इंग्रजीत होत्या, मेंढपाळ आणि वनदेवता यांच्या ठरावीक साच्यातल्या. त्या आज कोणी मुद्दाम वाचाव्यात असे मला वाटत नाही. मग २ जानेवारी १७७२ च्या अंकात 'द डॅफ्ट डेज' ही स्कॉट्स, म्हणजे स्कॉटलंडच्या लोकांच्या, बोलीतील कविता छापली गेली आणि एकदम निराळाच माणूस बोलू लागला. वर्ष संपताना आणि नवे सुरू होताना जे सणासुदीचे, मौजमजेचे दिवस असतात त्यांवरची ही कविता आहे. बाहेर डिसेंबरचा अंधार आणि गारठा, आत शहराची ऊब, गरम पेय, मेजवानी. वादकांना कवी दटावतो की परदेशी सूर पुरेत, आपल्या मातीतल्या चाली वाजवा. आणि शेवटी दारू चढलेल्या मंडळींना पकडणाऱ्या शहर-शिपायांपासून सावध राहण्याचा इशारा. येथून १७७३ च्या अखेरीपर्यंत, म्हणजे जेमतेम दोन वर्षांत, त्याने स्कॉट्समधील तीसेक कविता लिहिल्या आणि त्याची कीर्ती त्यांच्यावरच उभी आहे. संदर्भासाठी सांगतो, त्याचा संग्रह निघाला त्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला; काळ डोळ्यांसमोर आणायला श्रोत्यांना हा धागा उपयोगी पडेल.

स्कॉट्समध्ये लिहिणे हा त्या काळी साधा निर्णय नव्हता. १७०७ मध्ये स्कॉटलंडची संसद इंग्लंडच्या संसदेत विलीन झाली आणि त्यानंतर एडिंबरोतील सुशिक्षित वर्गाने आपल्या बोलण्यातून स्कॉट्सचा वास घालवण्याचा चंगच बांधला. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञानेही टाळावयाच्या स्कॉटिश वाक्प्रयोगांची यादी तयार केली होती. आधीच्या पिढीतील ॲलन रॅमझीने या बोलीत कविता लिहून नाव मिळवले होते, पण १७५८ मध्ये तो वारल्यावर ती परंपरा थंडावत चालली होती. अशा वेळी लॅटिन शिकलेल्या, विद्यापीठात चार वर्षे काढलेल्या तरुणाने बाजारातल्या बोलीत कविता लिहिली. हे त्याने अडाणीपणातून केले नाही, किंबहुना इंग्रजी साचा हाताळून झाल्यावर, समजून-उमजून केले. आणि म्हणूनच त्या कवितांत होरेस-व्हर्जिल या लॅटिन कवींची छाया आणि मासळीवालीची हाळी एकाच कडव्यात सुखाने नांदते.

'ऑल्ड रीकी' ही त्याची सर्वांत मोठी कविता. धुराने काळवंडलेल्या एडिंबरोचे हे टोपणनाव. सकाळी मोलकरणी जिन्यात उभ्या राहून कुजबुजतात, रात्री साठवलेली घाण खिडकीतून रस्त्यावर ओतली जाते आणि फुलांचा वास घेऊन आलेल्या माणसाच्या नाकात ती जाते. मग दुकाने, न्यायालयाच्या भोवती रेंगाळणारे रिकामटेकडे, दिव्याखाली उभी असलेली वेश्या, दारूच्या अड्ड्यांवरील क्लब, रविवारचे लांबट चेहरे, आणि कर्ज बुडवलेल्यांना ज्या होलीरूडच्या हद्दीत अटक होऊ शकत नसे तेथे आश्रय घेतलेले लोक. या सर्वांमध्ये कवी कुठेही नाक मुरडत नाही आणि कुठे गहिवरतही नाही. शहराचे माजी नगराध्यक्ष जॉर्ज ड्रमंड यांचे गुणगान करताना मात्र त्याचा आवाज गंभीर होतो, कारण गरिबांसाठी झटणारा माणूस गेला आणि शहर उघडे पडले, असे त्याला मनापासून वाटते. ज्या गल्लीत त्याचा जन्म झाला ती पुढे नव्या वसाहतीकडे जाणाऱ्या नॉर्थ ब्रिजच्या कामात पाडली गेली. त्याच्या डोळ्यांदेखत जुने शहर मोडून नवे उभे राहत होते, आणि तो ते लिहून ठेवत होता.

शेवटची एक सूचना. ट्रॉन चर्चच्या घंटेवरची त्याची कविता जरूर वाचून दाखवा. ती घंटा इतकी बेसूर आणि कर्कश आहे की हे सैतानाचेच काम असले पाहिजे, असे तो म्हणतो, आणि नगरपालिकेचे मान्यवर तिच्यापासून दूर राहतात म्हणूनच ती बंद होत नाही, असा टोला हाणतो. ज्या गावात गणेशोत्सवात डॉल्बीवरून दरवर्षी वाद होतो, तेथे या कवितेला वेगळी प्रस्तावना लागणार नाही.

निवृत्त नक्कलनवीस

मी साहित्याचा अभ्यासक नाही. न्यायालयाच्या नक्कल विभागात माझी नोकरीची वर्षे गेली आणि फर्ग्युसनकडे मी वळलो ते केवळ व्यवसायबंधुत्वामुळे, त्यामुळे एवढ्याच अंगाने लिहितो.

फर्ग्युसन ज्या कमिसरी कचेरीत नोकरीला होता तेथे मृत्युपत्रे, वारसा आणि विवाहविषयक प्रकरणे चालत. त्याचे काम होते दस्तांच्या प्रती हाताने लिहून काढण्याचे, आणि मोबदला पानांच्या हिशेबाने. मधल्या काळात काही महिने तो शेरीफच्या कचेरीत गेला होता. तेथे जप्तीच्या वॉरंटांच्या बजावणीशी संबंध येई आणि ते त्याला सोसवले नाही म्हणून तो पुन्हा जुन्या जागी परतला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. ज्याने कधी बेलिफाबरोबर कुणाच्या दारात उभे राहून घरातली भांडी मोजली आहेत, त्याला हे परत फिरणे समजावून सांगावे लागणार नाही.

नकलेच्या कामाविषयी बाहेरच्यांची समजूत अशी असते की त्यात डोके लागत नाही. वस्तुस्थिती उलट आहे. मजकूर आपला नसतो, त्यात स्वल्पविरामही इकडचा तिकडे करता येत नाही, आणि प्रत लिहून झाल्यावर रुजवात घेताना एक जण मूळ वाचतो आणि दुसरा प्रतीवर बोट ठेवून ऐकतो, तेव्हा वगळलेली एक ओळ सापडली तर अख्खे पान पुन्हा. आमच्या काळात निदान टंकलेखन यंत्र आले होते आणि नंतर झेरॉक्स आले. त्याच्या हातात पिसाची लेखणी होती. दिवसभर दुसऱ्याची भाषा, तीही कायद्याची, अक्षरशः जशीच्या तशी उतरवणारा माणूस संध्याकाळी घरी जाऊन स्वतःच्या बोलीत लिहायला बसतो, यामागे मला भूक दिसते. पंचगंगाकाठ यांनी स्कॉट्सच्या निवडीची जी कारणे दिली आहेत ती मला मान्य आहेत. हे एक कारण त्यांत जोडावे.

त्याच्या न्यायालयीन कवितांचा उल्लेख वर आलेला नाही, तो मी करतो. एडिंबरोचे सर्वोच्च दिवाणी न्यायालय, कोर्ट ऑफ सेशन, हिवाळ्यात नोव्हेंबर ते मार्च आणि उन्हाळ्यात जून ते ऑगस्ट असे बसत असे. १७७३ मध्ये त्याने मार्चमध्ये न्यायालय उठले त्यावर एक आणि नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा बसले त्यावर दुसरी कविता लिहिली. न्यायालय उठले की वकिलांचे खिसे आटतात, पक्षकार गावी जातात, आणि सर्वांत जास्त हळहळतो तो दारूच्या गुत्त्याचा मालक; न्यायालय बसले की सगळे पुन्हा टवटवीत, फक्त पक्षकार सोडून. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आपल्याकडे भाऊसिंगजी रस्त्यावरच्या जुन्या इमारतीत सुरू झाल्यापासून त्या परिसरातील लॉज, खानावळी, चहाच्या टपऱ्या आणि मुद्रांकविक्रेते यांच्यात जी लगबग आली आहे ती पाहणाऱ्याला या दोन्ही कविता एका बैठकीत कळतील.

'ब्रेड क्लेथ' ही कविता तर मी माझ्या नातवाला पाठ करायला लावली आहे. उंची लोकरी कापडाचा कोट अंगावर असला की माणसाला मान मिळतो, न्हावीसुद्धा रविवारी त्याच कोटात ऐटीत मिरवतो, प्रेयसी वळून पाहते, आणि तो नसेल तर शेक्सपिअरची किंवा सर आयझॅक न्यूटनची अक्कल तुमच्याकडे असली तरी लोक शंका घेतात, असा तिचा आशय आहे. पानांच्या हिशेबाने पोट भरणाऱ्या तरुणाने ती लिहिली आहे हे ध्यानात ठेवून वाचावी. तो चिडलेला आहे, पण चिडचिड कुठेही दिसू देत नाही. कडव्याच्या शेवटी दर वेळी तोच कोट आणून ठेवतो आणि आपल्याला हसवतो. ते कडवेही पाहण्यासारखे आहे: सहा ओळींचे, त्यांतल्या चौथ्या आणि सहाव्या ओळी आखूड, त्यामुळे शेवटची ओळ चापट मारल्यासारखी बसते. हा छंद जुना आहे आणि बर्न्सने पुढे तो इतका वापरला की आज लोक त्याला बर्न्सचा छंद म्हणतात.

कागलचा शेतकरी

वरील दोन्ही उत्तरे शहराविषयी आहेत, म्हणून शेताकडची बाजू मांडतो. फर्ग्युसनची 'द फार्मर्स इंगल' (शेतकऱ्याची चूल) ही कविता आणि तिच्यावरून बर्न्सने १७८५-८६ च्या सुमारास लिहिलेली 'द कॉटर्स सॅटर्डे नाइट' ही कविता, या दोन्ही मी शेजारी ठेवून वाचल्या आहेत. विषय एकच आहे: दिवस मावळल्यावर कष्टकऱ्याच्या घरात चुलीभोवती जमलेले कुटुंब.

बर्न्स स्वतः नांगर धरलेला माणूस. फर्ग्युसन नकलनवीस, शेतीशी त्याचा संबंध म्हणजे ॲबर्डीनकडच्या मामाच्या घरी केलेला मुक्काम. असे असून घर खरे वाटते ते फर्ग्युसनच्या कवितेत. घरधनी येतो तेव्हा आधी त्याची नजर फिरते ती घर झाडलेले आहे का, जेवण तयार आहे का यावर. ओटच्या भाकरी, कोबीचे कालवण, घरची बिअर. जेवण झाल्यावर जिभा सैल होतात: चर्चमध्ये काय झाले, बाजारात काय भाव होता, कोणाचे लग्न ठरले, आणि कोण्या मुलीला लग्नाआधी मूल झाले म्हणून भर चर्चमध्ये शिक्षेच्या स्टुलावर बसावे लागले. कोपऱ्यात आजी चरखा फिरवत भुताखेतांच्या गोष्टी सांगते आणि पोरे घाबरून एकमेकांना चिकटतात. घरधनी पाठ टेकतो, मांजर आणि कुत्रा त्याच्या भोवती, गडीमाणसे उद्याच्या कामाचे विचारतात, दिव्यातले तेल संपते आणि सगळे झोपायला जातात. शेवटी कवी त्या घराला चांगल्या पिकाची आणि सुखाची दुवा देतो. एवढेच.

बर्न्सच्या कवितेत याच प्रसंगी बाप बायबल उघडतो, प्रार्थना होते, मुलीच्या सद्गुणाची चिंता होते, आणि शेवटी स्कॉटलंडच्या थोरवीवर भाषण होते. भाषण वाईट नाही, पण आमच्याकडे दिवसभर उसाला पाणी पाजून आलेला माणूस ओसरीवर बसून असे बोलत नाही. बर्न्सला एडिंबरोच्या मान्यवरांना खेडे कसे पवित्र असते हे दाखवायचे होते, आणि फर्ग्युसनला कोणाला काही दाखवायचे नव्हते. सेंट अँड्र्यूजमधील त्याचे प्राध्यापक विल्यम विल्की हे स्वतः हौशी शेतकरी होते आणि बटाट्याच्या लागवडीसाठी प्रसिद्ध होते. ते १७७२ मध्ये वारले तेव्हा फर्ग्युसनने त्यांच्यावर मेंढपाळी संवादाच्या रूपात जी शोककविता लिहिली, तिच्यात त्यांच्या विद्वत्तेबरोबर त्यांच्या शेतीचाही गौरव आहे. ज्यांची व्याख्याने लिहून काढण्याचे काम तो विद्यार्थिदशेत करत असे, त्या गुरूला त्याने असा निरोप दिला.

पंचगंगाकाठ

कागलकरांचे 'फार्मर्स इंगल'चे वाचन मला पूर्ण पटते, परंतु त्यावरून बर्न्सला कमी लेखण्याचा सूर निघत असेल तर तेथे मी थांबतो. 'कॉटर्स सॅटर्डे नाइट' ही बर्न्सची सर्वोत्तम कविता नाही आणि तिच्यावरून त्याची परीक्षा करणे अन्यायाचे होईल. जेथे बर्न्सने फर्ग्युसनचे बोट धरले आणि मग सोडून दिले, त्या ठिकाणी पाहावे. फर्ग्युसनच्या 'लीथ रेसेस' या कवितेत घोड्यांच्या शर्यतीला निघालेल्या कवीला वाटेत एक तरुणी भेटते, ती आनंदाचे मूर्तिमंत रूप असते, आणि ती त्याला जत्रा दाखवायला घेऊन जाते. बर्न्सने 'द होली फेअर'मध्ये ती युक्ती जशीच्या तशी उचलली, पण एकीऐवजी तीन जणी आणल्या, त्यांतल्या दोघी अंधश्रद्धा आणि ढोंग, आणि शर्यतीच्या जागी धार्मिक मेळावा ठेवला. तेथे शिष्य गुरूच्या पुढे गेला आहे हे मान्य करावेच लागते. फर्ग्युसनला माणसांची गंमत दिसते. बर्न्सला त्या गमतीमागचा दांभिकपणा दिसतो आणि तो त्याला सोडत नाही.

या ऋणाची जाणीव बर्न्सला नेहमीच होती. १७८७ मध्ये डॉक्टर मूर यांना लिहिलेल्या आत्मचरित्रात्मक पत्रात तो सांगतो की कविता लिहिणे त्याने जवळजवळ सोडून दिले होते, तेवढ्यात फर्ग्युसनच्या स्कॉट्स कविता हाती पडल्या आणि त्याने पुन्हा तारा जुळवल्या. दुसऱ्या एका पद्यपत्रात त्याने एडिंबरोच्या धनिकांना शाप दिला आहे की, पत्त्यांच्या डावात तुम्ही जेवढे उडवता त्याच्या दहाव्या हिश्शातही फर्ग्युसनची कोठी भरली असती. बर्न्सला हे लिहिताना स्वतःचे भविष्य दिसत होते असे पुष्कळ जण म्हणतात. मला त्यात त्याहून साधा, सरळ राग दिसतो.

राजारामपुरीतील डॉक्टर

मनोविकारशास्त्र हा माझा विषय असल्यामुळे आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी लिहितो. शेवट सांगावा, मात्र तो दंतकथेसारखा सांगू नये.

निश्चित माहीत आहे ते एवढे. १७७३ च्या अखेरीस त्याच्यावर धार्मिक अपराधभावनेचे आणि खिन्नतेचे सावट आले. त्याने लिहिणे थांबवले आणि जवळची हस्तलिखिते जाळून टाकली. १७७४ मध्ये प्रकृतीत काही काळ सुधारणा झाली होती, पण जिन्यावरून पडून डोक्याला मार बसला आणि त्यानंतर तो भ्रमिष्ट झाला. विधवा आईला घरात त्याला सांभाळणे अशक्य झाले. मित्रांनी त्याला कुणाच्या तरी भेटीला जायचे आहे असे सांगून पालखीवजा खुर्चीत बसवले आणि थेट गरिबांच्या आश्रमाला लागून असलेल्या वेड्यांच्या इमारतीत नेले. आत पाऊल टाकताच त्याच्या लक्षात आले, त्याने मोठ्याने आरोळी ठोकली आणि कोठड्यांतून इतर रुग्णांनी तिला प्रतिसाद दिला, असे त्याच्या परिचितांनी लिहून ठेवले आहे. दगडी फरशी आणि गवताचे अंथरूण ही तेथील व्यवस्था. ती इमारत मुळात पनामाच्या किनाऱ्यावर वसाहत करायला निघून बुडालेल्या डेरियन कंपनीची कचेरी होती, ज्या फसलेल्या साहसाने सतराव्या शतकाच्या अखेरीस अर्ध्या स्कॉटलंडचा पैसा गिळला.

दारूमुळे वेडा झाला, ही त्याच्याविषयीची सर्वांत टिकाऊ कथा आहे आणि सभेत तिला थारा देऊ नये, अशी माझी विनंती आहे. ऑक्टोबर १७७२ पासून तो केप क्लब नावाच्या मंडळाचा सभासद होता. तेथे चित्रकार अलेक्झांडर रन्सिमन होता, लोकगीतांचा संग्राहक डेव्हिड हर्ड होता, प्रत्येकाला गमतीने सरदारकीचा किताब मिळे आणि गाता गळा असल्यामुळे फर्ग्युसनला 'सर प्रीसेंटर', म्हणजे चर्चमध्ये भजन सांगणाऱ्याचा, किताब मिळाला होता. ते पीत असत, त्या काळचे सगळेच एडिंबरो पीत असे. परंतु आधीची खिन्नता आणि नंतरची डोक्याची इजा एवढी उघड समोर असताना चोवीस वर्षांच्या मुलाच्या मृत्यूचा ठपका त्याच्या चारित्र्यावर ठेवणे हे निदान नव्हे, तो निवाडा झाला. आजही आमच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्णाला खुर्चीवर बसवण्याआधी सोबत आलेले नातेवाईक असा निवाडा देऊन मोकळे होतात.

याच्या पुढची हकीकत मात्र अवश्य सांगावी. त्याच्यावर उपचार करणारे तरुण वैद्य अँड्र्यू डंकन यांनी त्याची ती दशा डोळ्यांनी पाहिली आणि ती त्यांच्या मनातून गेली नाही. मनोरुग्णांसाठी माणुसकीचे रुग्णालय असावे यासाठी त्यांनी पुढे कितीतरी वर्षे पाठपुरावा केला; १८०७ मध्ये सनद मिळाली आणि १८१३ मध्ये एडिंबरोच्या मॉर्निंगसाइड भागात ते रुग्णालय प्रत्यक्ष सुरू झाले. ते आजही रॉयल एडिंबरो हॉस्पिटल या नावाने चालू आहे. म्हणजे ते उघडले ते फर्ग्युसनच्या मृत्यूनंतर एकोणचाळीस वर्षांनी. एका रुग्णाच्या आठवणीवर एका डॉक्टरने एवढा काळ काम करत राहावे, हे मला एखाद्या शोककवितेपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते.

करवीरवाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आराखडा आता असा धरतो: सुरुवात 'डॅफ्ट डेज'ने, मग 'ऑल्ड रीकी'तील सकाळचा आणि रात्रीचा भाग, मग न्यायालयाच्या दोन कविता आणि 'ब्रेड क्लेथ'. 'फार्मर्स इंगल' बर्न्सच्या कवितेशेजारी ठेवून वाचेन, आणि पंचगंगाकाठ यांच्या आक्षेपाला न्याय म्हणून 'लीथ रेसेस'ही घेईन. शेवट डॉक्टरसाहेबांनी सांगितला तसा, डंकन यांच्या रुग्णालयापर्यंत नेऊन.

एक कविता माझ्याकडून जोडतो. १७७३ च्या ऑगस्टमध्ये डॉ. सॅम्युअल जॉन्सन सेंट अँड्र्यूजला आले तेव्हा विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी त्यांना थाटाची मेजवानी दिली. याच जॉन्सननी १७५५ च्या आपल्या शब्दकोशात ओट हे धान्य इंग्लंडमध्ये घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडमध्ये माणसे खातात, असे लिहून ठेवले होते. फर्ग्युसनने प्राध्यापकांना उद्देशून कविता लिहिली की मी तेथे असतो तर या पाहुण्याला काय वाढले असते ते ऐका: आधी हॅगिस (मेंढीच्या पोटात भरून शिजवलेले काळीज, फुप्फुस आणि ओट), मग मेंढीची मुंडी आणि पाय, रक्त भरलेल्या आतड्यांची पुडिंगे, आणि सोबत अर्थातच ओट. मुंडी-पायाचे नाव निघाल्यावर आमच्या मंडळातील श्रोते कवीच्याच बाजूने उभे राहतील याविषयी मला शंका नाही.

निवृत्त नक्कलनवीस

आराखडा उत्तम आहे. फक्त जन्मवर्ष १७५० हेच सांगावे. कॅनॉनगेटच्या दगडावर १७५१ कोरलेले आहे आणि त्यावरून चुकीचे वर्ष पुष्कळ ठिकाणी उतरले आहे.

दगडाच्या बिलाची गोष्टही सांगण्याजोगी आहे. परवानगी १७८७ मध्ये मिळाली, दगड १७८९ मध्ये उभा राहिला आणि साडेपाच पौंडांचे बिल बर्न्सने १७९२ मध्ये चुकते केले. पैसे पाठवताना त्याने पीटर हिल या पुस्तकविक्रेत्या मित्राला लिहिले की वास्तुकाराने दगड बसवायला दोन वर्षे लावली, मी पैसे द्यायला दोन वर्षे लावली, तेव्हा आमची फिटंफाट झाली. आणि एका कवीच्या थडग्याचे पैसे दुसऱ्या कवीकडून येणे होते हे पाहता, त्यातली दमडी तरी हाती पडली म्हणून वास्तुकाराने देवाचे आभार मानावेत.